खवलचोर आणि त्याचे सोयरे

आज आपल्यापुढें ज्याची हकीकत सांगावयाची मीं योजिली आहे, तो कोणी राजा नव्हे, सरदार नव्हे, कीं साधुपुरुषही नव्हे. तो एक मासा आहे; आणि मासाही असा कीं, बाजारांत त्याला कोणी भाव पुसत नाहीं. लांबी बोटाएवढी, फार तर त्याहून थोडी अधिक. अंगावर मांस नाहींच म्हटलें तरी चालेल. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा इतिहास म्हटला म्हणजे अजिंक्यतारा, शाहूमहाराजांची गादी, पटवर्धनांचें संस्थान, बेचाळीसचें प्रतिसरकार हीं नांवें आपल्या तोंडीं येतात, आणि तीं यावींतही. पण ज्या कृष्णेच्या कांठीं हें सारें घडलें, तिच्या पाण्याखालींही कांहीं इतिहास घडलेला आहे. तो लिहिलाही गेला आहे. मात्र तो लंडन-कलकत्त्याच्या शास्त्रीय मालिकांत, इंग्रजी भाषेंत, पडून राहिला. आणि ज्या माणसांच्या शब्दांवर तो उभा आहे त्यांचीं नांवें त्यांत कोठेंच नाहींत.

मी प्राणिशास्त्राचा पंडित नव्हे, हें आरंभींच सांगितलेलें बरें. मॅट्रिकपर्यंत शिकून प्राथमिक शाळेंत मास्तर झालों, आणि उभा जन्म कृष्णाकांठच्या खेड्यापाड्यांतून मुलें शिकविण्यांत गेला. नोकरीच्या पहिल्याच वर्षीं मी मिरज तालुक्यांत नदीकांठच्या एका गांवीं होतों. चौथीच्या वर्गापुढें माशाचा पाठ चालला होता. फळ्यावर मीं मोठ्या वळणदार अक्षरांत लिहिलें, "माशाच्या अंगावर खवले असतात." इतक्यांत मागच्या रांगेंतून भोयाचा एक पोर उठला आणि म्हणाला, "गुर्जी, समद्या माशांस्नी नसत्यात. शिंगटीला कुटं खवलं असत्यात?" पुस्तकांत होतें तें मीं लिहिलें होतें, पोराच्या बोलण्यानें वर्ग हंसला, आणि मला राग आला. मीं त्याला दटावून खालीं बसविलें. दुसऱ्या दिवशीं तो एका पत्र्याच्या डब्यांत पाणी घालून दोन मासे घेऊन आला. डबा त्यानें माझ्या टेबलावर ठेवला, आणि कांहीं न बोलतां जागेवर जाऊन बसला. दोन्ही मासे गुळगुळीत होते. एकाच्याही अंगावर खवला म्हणून नव्हता.

त्या संध्याकाळीं मी त्याच्या आजोबांकडे नदीवर गेलों. म्हातारा जाळें सुकवीत बसला होता. डब्यांतील मोठा मासा शिंगटी, हें मला समजलें होतें. दुसऱ्याचें नांव मीं विचारलें. रुपेरी, चपट्या अंगाचा, ओठांभोंवतीं मिशांच्या बारीक जोड्या असलेला तो इवलासा जीव होता. म्हातारा म्हणाला, "ह्यो खवलचोर. ह्येच्या सोताच्या अंगावर एक खवलं न्हाई, म्हून दुसऱ्याची चोरतोय." मीं सहज विचारलें, "मग तीं अंगाला लावतो कीं काय?" तेव्हां तो मोठ्यानें हंसला. "न्हाई वो गुर्जी. खातोय."

मीं ती गोष्ट ऐकून घेतली आणि सोडून दिली. भोयाची थट्टा असेल, असें मला वाटलें. ती थट्टा नव्हती हें कळावयास माझीं पुढलीं कितीतरी वर्षें गेलीं. आणि मौज अशी कीं, शास्त्रालाही तितकीच वर्षें लागलीं. ही हकीकत समजण्यासाठीं आपणांस थोडें मागें, पेशवाईच्या अखेरीस, जावें लागेल.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली. नव्या राज्यकर्त्यांना मुलूख मिळाला, परंतु मुलुखांत काय काय आहे तें त्यांना ठाऊक नव्हतें. लोक किती, जमीन कशी, पीकपाणी कोणतें, पाऊस किती इंच, याचा तपास करण्यासाठीं एल्फिन्स्टनसाहेबांच्या अमदानींत, १८२४ सालीं, विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. हे साइक्ससाहेब मोठे खटपटी गृहस्थ. जमाबंदीचे आंकडे गोळा करतां करतां त्यांनीं दख्खनचे पक्षी मोजले, पशु मोजले, आणि नद्यांतले मासेही गोळा केले. मुळा-मुठा, भीमा, इंद्रायणी या नद्यांवर त्यांचा तळ असे. विलायतेंत परत गेल्यावर त्यांनीं दख्खनच्या माशांवर एक निबंध लिहिला. १८३८ सालीं तो लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढें वाचला गेला, आणि १८४१ सालीं चित्रांसह विस्तारानें छापून निघाला. त्यांत चाळीसाहून अधिक जातींचें वर्णन आहे, आणि त्यांपैकीं बहुतेक जाति शास्त्राला तोंवर ठाऊकच नव्हत्या.

नवीन जाति म्हटली म्हणजे तिला नवीन नांव द्यावें लागतें. शास्त्राचा नियम असा आहे कीं, प्रत्येक प्राण्याला दुहेरी नांव असावें. पहिलें प्रजातीचें, म्हणजे जणूं आडनांव, आणि दुसरें त्या जातीचें स्वतःचें. आतां साइक्ससाहेबांनीं काय केलें? पुण्याच्या दोन मोठ्या माशांना त्यांनीं आपल्या ओळखीच्या इंग्रज विद्वानांचीं नांवें दिलीं. चिल्ड्रन आणि यॅरल हे ते दोघे. हा तर रीतीचा भाग झाला. पण बाकीच्या पुष्कळ माशांच्या बाबतींत त्यांनीं ग्रीक-लॅटिनचा कोश उघडलाच नाहीं. जाळ्यांतून मासा काढून देणाऱ्यानें जें नांव सांगितलें, तेंच त्यांनीं आपल्या कानाला जसें आलें तसें रोमन लिपींत उतरवून ठेविलें. शिंगाळ्याचा झाला "सींघाला", शिंगटीची झाली "सींग्टी". इंद्रायणींत एक मासा त्यांना मिळाला. त्याचें नाक मध्येंच चिरून वर शिंगासारखें आलेलें असतें. लोक त्याला नकटा म्हणत. तो शास्त्रांत "नुक्टा" होऊन बसला, आणि आजतागायत बसलेला आहे.

आजतागायत म्हणावयाचें कारण असें : प्रजातीचें नांव बदलतें, जातीचें सहसा बदलत नाहीं. एखादा मासा पुढच्या विद्वानांनीं एका घरांतून काढून दुसऱ्या घरांत घातला, तरी प्रथम जें जातीचें नांव छापलें गेलें तें त्याच्याबरोबर जातें. शिंगाळ्यानें गेल्या पावणेदोनशें वर्षांत अनेक आडनांवें बदललीं. "सींघाला" मात्र कायम राहिलें. पुण्याच्या नदीकांठच्या ज्या कोण्या मासेमाराच्या तोंडून तो शब्द निघाला, त्याचें नांव साइक्ससाहेबांनीं लिहून ठेविलें नाहीं. त्याचा शब्द मात्र जपानच्या आणि ब्राझीलच्या विद्यापीठांतही तसाच उच्चारावा लागतो.

येथें भाषेची एक गंमत सांगून पुढें जातों. या बिनखवल्यांच्या, मिशाळ माशांना इंग्रजींत मांजरमासा म्हणतात. इंग्रजाची नजर मिशांकडे गेली. आपल्या लोकांनीं शिंगटी, शिंगाळा अशीं नांवें ठेविलीं. त्यांत मला शिंग दिसतें. या माशांच्या पंखांत एकेक टणक कांटा असतो, आणि जाळ्यांत हात घालणाराला तो असा लागतो कीं दिवसभर ठणका जात नाहीं. कांठावर उभें राहून पाहणाऱ्याला मिशा दिसतात, पाण्यांत हात घालणाऱ्याला शिंग टोंचतें. माझी ही व्युत्पत्ति पंडितांना पसंत पडेल कीं नाहीं कोण जाणे, पण मला ती खरी वाटते.

साइक्ससाहेबांच्या यादींत सातारचा वरचा डोंगराळ भाग जवळजवळ नाहींच. तिकडे शास्त्राचें लक्ष गेलें तें विसाव्या शतकाच्या आरंभीं. महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावून, लिंगमळ्याच्या धबधब्यावरून उडी घेऊन, मेढ्यावरून खालीं येणारी आणि साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेस मिळणारी वेण्णा आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. महाबळेश्वरास थंड हवा खावयास जाणाऱ्या मंडळींना ती नदी म्हणजे नौकाविहाराचा तलाव एवढीच माहीत असते. पण या चिमुकल्या नदीचें नांव प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत वारंवार येतें.

पहिल्या प्रथम आपल्या मालवणकडच्या एका महाराष्ट्रीय तरुणाचें नांव घेतलें पाहिजे. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे तेव्हां मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकवीत असत. १९११ सालीं सह्याद्रींतून निघणाऱ्या कृष्णेच्या उपनद्यांत त्यांना गोड्या पाण्यांतील छत्रीच्या आकाराचा एक पारदर्शक प्राणी सांपडला. समुद्राच्या कांठीं राहणाऱ्यांना जेलीफिश माहीत असतो. त्याचाच हा नदींतला नातलग. त्याची प्रजाति तोंवर केवळ आफ्रिकेंतच असल्याचें ठाऊक होतें, म्हणून विद्वानांत मोठी खळबळ उडाली. हेच आघारकर पुढें वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नांवाजले, आणि १९४६ सालीं पुण्यांत जी विज्ञानवर्धिनी संस्था निघाली तिचे पहिले संचालक झाले. आज ती त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचे प्रमुख नेल्सन अॅनंडेल यांनीं या प्राण्याचें शास्त्रीय वर्णन केलें, आणि त्यांना या डोंगरी ओढ्यांचा नादच लागला. हिंदुस्थानचें प्राणिसर्वेक्षण खातें १९१६ सालीं निघालें त्याचे पहिले संचालक हेच. मुंबई इलाख्यांतील लहान लहान ओढ्यांतील जीवसृष्टि या विषयावर त्यांनीं १९१९ सालीं लेख प्रसिद्ध केला, त्यांत सातारा आणि पुणें जिल्ह्यांतील माशांना स्वतंत्र स्थान दिलें आहे. मोठमोठ्या गंगा-सिंधूंना सोडून विद्वान मनुष्य गुडघाभर पाण्याच्या ओढ्यांत दगड उलथे करीत हिंडतो, हें त्या वेळीं आमच्याकडच्या लोकांना खचित चमत्कारिक वाटलें असेल.

दगड उलथे करण्याचें कारण मात्र सबळ आहे. पावसाळ्यांत वेण्णेसारखी नदी म्हणजे पाणी नव्हे, धांवता कडाच. त्या लोंढ्यांत टिकून राहावयाचें तर माशाला पोहणें येऊन भागत नाहीं. त्याला धरून राहतां आलें पाहिजे. तेथें एक बोटभर मांजरमासा राहतो. त्याचें पोट सपाट, तोंड खालच्या अंगास, डोळे बारीक आणि वर. दोन्ही बाजूंच्या पंखांच्या मधोमध छातीवर त्याला कातडीच्या वळ्या असतात. अंगठ्याचा ठसा उमटवावा तशा. या वळ्यांच्या जोरावर तो खडकाला चिकटून राहतो आणि वरून पूर गेला तरी हलत नाहीं. १८६० सालीं कलकत्त्याच्या एडवर्ड ब्लाइथ यांनीं या प्रजातीला ग्लिप्टोथोरॅक्स असें नांव दिलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ "कोरीव छातीचा." तुर्कस्तानापासून चीन-जाव्हापर्यंतच्या नद्यांत या प्रजातीच्या शंभरांहून अधिक जाति आज माहीत आहेत. पुढें बदलीनें मी जावळी तालुक्यांत गेलों, तेव्हां तेथील एका मुलानें असाच एक मासा ओला करून माझ्या पाटीवर ठेवला आणि पाटी उभी धरली. मासा घसरला नाहीं. पोराच्या डब्यानें मला धडा दिला होता, म्हणून या वेळीं मीं पुस्तक मिटलें आणि सगळा वर्ग भोंवतीं बोलाविला.

या कोरीव छातीच्या माशांचा दख्खनांतील घोळ कोणीतरी निस्तरणें जरूर होतें. साइक्ससाहेबांनीं "लोना" नांवाच्या एका माशाचें थोडक्यांत वर्णन केलें होतें, पण तो नेमका कोणता, याचा पुढल्या विद्वानांना बोध होईना. हें काम डॉ. सुंदरलाल होरा यांनीं केलें. १८९६ सालीं पंजाबांत जन्मलेले हे गृहस्थ अॅनंडेल यांच्या हाताखालीं तयार झाले आणि १९४७ सालीं त्याच प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक झाले. १९३८ सालीं त्यांनीं लोनाचें स्थान निश्चित केलें, आणि त्याच लेखांत आणखी दोन जातींचें वर्णन केलें. एक पुण्याच्या मुळा-मुठेंतील. तिला त्यांनीं पुण्याचें नांव दिलें. दुसरी वेण्णेंतील, मेढ्याची. हिला मात्र मेढ्याचें किंवा साताऱ्याचें नांव मिळालें नाहीं. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें माशांचा अभ्यास करणाऱ्या ईथेलविन ट्रेवावस या विदुषीच्या सन्मानार्थ तिचें नांव ठेवण्यांत आलें. त्या बाईंची योग्यता मोठी, त्यांत शंका नाहीं. तिरानव्व्या वर्षापर्यंत जगल्या, आणि आफ्रिकेंतील माशांविषयीं त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई. तरी मेढ्याच्या पोरांच्या पाटीला चिकटणारा मासा एका परक्या बाईच्या नांवानें जगभर ओळखला जातो, याची मला, सातारकर म्हणून, थोडी रुखरुख वाटते. ती मीं येथें बोलून दाखविली, इतकेंच.

होरांना या माशांपुढें एक मोठें कोडें पडलें होतें. सह्याद्रींतील या डोंगरी माशांचे जवळचे नातलग आसाम-ब्रह्मदेशाच्या डोंगरांत आहेत. मधल्या हजार मैलांच्या सपाटीवर ते जगूं शकत नाहींत. मग हे इकडे आले कसे? होरांनीं असा तर्क मांडला कीं, फार प्राचीन काळीं विंध्य-सातपुड्याची ओळ अधिक उंच आणि अधिक ओली असावी, आणि ओढ्याओढ्यांनीं, पिढ्यानपिढ्या, हे मासे पूर्वेकडून सह्याद्रीपर्यंत आले असावेत. हा सातपुड्याचा सिद्धांत म्हणून प्रसिद्ध आहे. आजचे संशोधक तो जसाच्या तसा मानीत नाहींत. कांहींना तो मुळींच पटत नाहीं. पण बोटभर माशाच्या छातीवरील वळ्या पाहून पर्वतांच्या उंचीचा हिशेब मांडावा, या धाडसाचें मला फार कौतुक वाटतें.

आतां डोंगर उतरून पुन्हां सांगलीच्या संथ पाण्याकडे येऊं. येथें कृष्णेला हरिपुराजवळ वारणा मिळते आणि खालीं नरसोबाच्या वाडीस पंचगंगा. पात्र रुंद, डोह खोल. चिकटून बसण्याची येथें गरज नाहीं. येथें गरज आहे ती चपळाईची. आमचा खवलचोर हा याच कृष्णा-पंचगंगेच्या पाण्याचा रहिवासी.

तो साइक्ससाहेबांच्या हातून निसटला तो शंभर वर्षें निसटलेलाच राहिला. मुंबई सरकारच्या मत्स्यखात्यांत डॉ. सी. व्ही. कुलकर्णी नांवाचे एक अधिकारी होते. माणूस चिकित्सक. १९४० सालीं त्यांनीं मुंबईच्या आसपासच्या पाण्यांत एक कांचेसारखा पारदर्शक, अगदीं इवलासा मासा शोधून काढला आणि होरांच्या सन्मानार्थ त्याच्या प्रजातीला होराइक्थिस असें नांव दिलें. पुढें लोणावळ्याला महासीर माशाची कृत्रिम पैदास करण्याचें मोठें काम त्यांनीं केलें, त्यामुळें मत्स्यव्यवसायांत त्यांचें नांव आजही घेतलें जातें. या कुलकर्ण्यांनीं १९५२ सालीं इंडियन म्यूझियमच्या वृत्तमालेंत दख्खनच्या एका नव्या मांजरमाशाचें वर्णन प्रसिद्ध केलें. प्रजातीही नवी होती. तिचें नांव त्यांनीं निओट्रोपियस असें ठेविलें. आणि जातीचें नांव? तेथें त्यांनीं ना होरांचें नांव घातलें, ना कोणा साहेबाचें, ना गांवाचें. कृष्णाकांठचा भोई जें म्हणत होता तेंच त्यांनीं रोमन लिपींत लिहून टाकलें : खवलचोर.

मराठी शब्दाला एवढा मान क्वचितच मिळाला असेल. साइक्ससाहेबांनीं घेतलेलीं नांवें परक्या कानानें ऐकलेलीं होतीं. अर्थाशीं त्यांना फारसें कर्तव्य नव्हतें. कुलकर्ण्यांना शब्दाचा अर्थ कळत होता. खवलचोर हें नुसतें नांव नाहीं. तें एक विधान आहे. कर्ता आहे, कर्म आहे, आणि क्रियेचा आरोपही आहे. हा मासा दुसऱ्या माशांचे खवले चोरतो, असें तें नांव सांगतें. आणि तें खरें कीं खोटें, हें पारखून पाहतां येतें.

तें काटेकोरपणें पारखलें गेलें तें पुष्कळ वर्षांनंतर. पश्चिम महाराष्ट्रांतील कांहीं तरुण प्राध्यापकांनीं आणि संशोधकांनीं खवलचोराची वागणूक, त्याच्या शरीराची ठेवण आणि त्याची पचनशक्ति या तिन्ही अंगांनीं अभ्यास करून २०१८ सालीं तो जर्मनींतून निघणाऱ्या एका प्राणिशास्त्राच्या मासिकांत प्रसिद्ध केला. निर्णय असा झाला कीं, होय, हा मासा खवलेच खातो, आणि खवले खाऊन जगण्यास योग्य अशीच त्याची सगळी घडण आहे. तो मजकूर एका माजी विद्यार्थ्यानें मला आणून दाखविला आणि मराठींत समजावून सांगितला, तेव्हां त्या म्हाताऱ्या भोयाचें हंसणें मला आठवलें. त्याला कोणी विचारलें असतें तर त्यानें एका वाक्यांत सांगितलें असतें. मला तर त्यानें न विचारतां सांगितलें होतें.

आपणांपैकीं कोणी म्हणेल, खवले खाऊन पोट कसें भरतें? खवला हा नुसता शिंपलीचा तुकडा नव्हे. त्यांत चुन्याचे क्षार आहेत तसे प्रथिनांचे धागेही आहेत, आणि त्यावर माशाच्या अंगाचा बुळबुळीत लेप असतो तोही पौष्टिक असतो. शिवाय मोठी सोय अशी कीं, ज्याचा खवला ओढला तो मासा मरत नाहीं. त्याला नवा खवला फुटतो. भक्ष्य मारून टाकणारा उद्यां उपाशी राहील. चोराला मात्र सावकार जिवंत असलेला परवडतो.

असे चोर जगांत इतरत्रही आहेत, पण थोडे. आफ्रिकेंतील टांगानिका सरोवरांत खवले खाणाऱ्या माशांची एक प्रजाति आहे. त्यांतील कांहींचें तोंड डावीकडे वळलेलें, कांहींचें उजवीकडे. एकाच जातींतले कांहीं मासे मागून येऊन डाव्या अंगाचे खवले ओढतात, तर कांहीं उजव्या अंगाचे, असें मिचिओ होरी या जपानी शास्त्रज्ञांनीं १९९३ सालीं दाखवून दिलें. दक्षिण अमेरिकेंत ॲमेझॉन नदींत तर याहून भयंकर प्रकार आहे. तेथें काडीसारखा बारीक मांजरमासा आहे, कांदिरू त्याचें नांव. तो मोठ्या माशांच्या कल्ल्यांत शिरून रक्त पितो. त्याच्या एका जातीला १८४६ सालीं फ्रान्समध्यें शास्त्रीय नांव मिळालें, आणि त्याच्याविषयीं अंगावर कांटा येईल अशा कथा प्रवाशांनीं जगभर पसरविल्या. त्या माशावर पुस्तकें निघालीं. आमचा खवलचोर सुस्वभावी पडला. तो माणसाच्या वाटेस जात नाहीं, म्हणून त्याच्यावर कोणी कथा रचली नाहीं.

शास्त्राच्या दप्तरांत त्याचा मुक्काम मात्र पुढें हलला. कुलकर्ण्यांनीं दिलेलें प्रजातीचें नांव मागें पडलें. १८३८ सालीं दिलेलें पॅकिप्टेरस हें त्याहून जुनें नांव आतां त्याला लावतात, आणि त्याचें कुलही बदललें आहे. १९५५ सालीं, होरा वारले त्याच वर्षीं, केरळाकडील एका मांजरमाशाच्या प्रजातीला जयराम नांवाच्या शास्त्रज्ञांनीं होराबॅग्रस असें नांव दिलें होतें. त्या नांवावरून पुढें एक कुल निघालें, आणि खवलचोर आज त्या कुलांत मोडतो. म्हणजे आडनांव गेलें, घराणें गेलें, होरांच्या नांवाचें नवें घराणें मिळालें. भोयानें दिलेलें नांव तेवढें अंगावर राहिलें.

आतां थोडें आजच्या स्थितीविषयीं. मेढ्याखालीं वेण्णेवर कण्हेरचें धरण झालें, कृष्णेवर धोमचें झालें, कोयनेचें तर जगप्रसिद्धच आहे. धरणांमुळें शेतें भिजलीं, घरोघर दिवे लागले. तीं होऊं नयेत असें मी म्हणणार नाहीं, कारण माझ्या घरांतला दिवाही त्यांच्यावरच जळतो. पण खडकाला चिकटून राहणाऱ्या माशाला धांवतें पाणी आणि स्वच्छ दगड लागतो. पाणी तुंबलें कीं दगडावर गाळ बसतो, आणि गाळावर छातीच्या वळ्या धरत नाहींत. खालीं सांगलीकडे निराळी कथा. गेल्या कांहीं वर्षांत नदींत दूषित पाणी मिसळून मासे मरून कांठाला लागल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. मेलेल्या मोठ्या माशांचीं चित्रें वर्तमानपत्रांत येतात. बोटभर माशाचें चित्र कोण काढणार? परदेशांतून आणलेल्या चिलापीनें तर डोहचे डोह व्यापले आहेत. आणि भोयांचीं मुलें कारखान्यांत, दुकानांत, पुण्या-मुंबईला गेलीं. तीं गेलीं हें चांगलेंच झालें. ज्यानें माझ्या टेबलावर डबा ठेवला तो पोर आज चांगल्या नोकरींतून निवृत्तीला आला आहे. पण त्याच्या आजोबांना जीं नांवें येत होतीं, त्यांतलीं किती त्याला येतात, हें मीं त्याला विचारलें तेव्हां त्यानें चार सांगितलीं आणि थांबला.

गेल्या उन्हाळ्यांत मी हरिपूरच्या संगमावर संध्याकाळचा फिरावयास गेलों होतों. एक तरुण फेकजाळें ओढून कांठावर आला. जाळ्यांत सगळी चिलापी, आणि एका कोपऱ्यांत रुपेरी, चपटा, मिशाळ असा एकच लहान मासा. तो मेलेला होता. तरुणानें तो काढून बाजूला टाकला. मीं विचारलें, "याला काय म्हणतात?" तो म्हणाला, "बारकं हाय काय तरी. न्हाई माहीत." मीं त्याला नांव सांगितलें. त्याला तें मजेशीर वाटलें, "चोर? ह्यो काय चोरणार?" असें म्हणून त्यानें तो मासा उचलला, अंगठ्याच्या नखानें त्याचें पोट फाडलें आणि आंतला ऐवज तळहातावर पुसला. पांच-सहा चकचकीत टिकल्या हाताला चिकटल्या. त्यानें त्या उन्हाकडे धरून पाहिल्या. "ही चिलापीची खवलं हायती," तो म्हणाला. मग हात पाण्यांत खळबळला, आणि जाळें पुन्हां खांद्यावर घेतलें.